उणे वीसमध्ये बॅटरी कशी सांभाळावी: हिवाळी स्पिती-लडाखला पहिल्यांदाच कामाला निघालेल्यांसाठी

आपल्याकडे थंडी म्हणजे निफाडचा पारा चार अंशांवर आला की पेपरात येणारी बातमी. द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, पुण्यात ठेवणीतल्या कानटोप्या बाहेर निघतात, आणि फेब्रुवारी संपेपर्यंत पंखे पुन्हा सुरू झालेले असतात. या थंडीत मोबाईलला काही होत नाही. ‘थंडीत बॅटरी उतरते’ हे आपण ऐकलेलं असतं, अंगावर आलेलं नसतं.

माझ्या अंगावर ते किब्बरला आलं. स्पितीतलं हे गाव समुद्रसपाटीपासून ४,२०० मीटरच्या आसपास आहे आणि जानेवारी अखेरपासून मार्चपर्यंत हिमबिबट्याच्या मागावर असलेली कॅमेरेवाली मंडळी तिथे मुक्कामाला असतात. मी एका चित्रीकरणाला कॅमेरा-मदतनीस म्हणून गेले होते. सकाळी सव्वासातला समोरच्या उतारावर भरलांचा (हिमालयातल्या निळ्या मेंढ्यांचा) कळप एकदम ताठ उभा राहिला, गावातला स्पॉटर, म्हणजे प्राणी हेरून दाखवणारा माणूस, दबक्या आवाजात ‘ऊपर, ऊपर’ म्हणाला, आणि कॅमेरा बंद पडला. बॅटरी एक्केचाळीस टक्के दाखवत होती. दुसरी घातली, ती दहा मिनिटांत गेली. तिसरी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात रात्रभर पडलेली; ती सुरूच झाली नाही. संध्याकाळी तंदूरजवळ, म्हणजे खोली तापवणाऱ्या पत्र्याच्या शेगडीजवळ, बसून सहज पहिली बॅटरी कॅमेऱ्यात घातली तर तिच्यात अजून छत्तीस टक्के शिल्लक! पूर्ण दिवस मी भरलेल्या बॅटऱ्या खांद्यावर वाहत होते आणि त्या मेल्या असं समजत होते.

पुढचं सगळं त्या दिवसानंतर शिकलेलं आहे. कॅमेरा, मोबाईल, पॉवर बँक, हेडटॉर्च, रेकॉर्डर, वॉकी-टॉकी, काहीही असो, आत लिथियम-आयन सेल असेल तर नियम तेच.

आधी नेमकं होतं काय ते

लिथियम-आयन सेलमध्ये एका बाजूला ग्रॅफाइट, दुसऱ्या बाजूला लिथियमयुक्त धातूचं ऑक्साइड आणि मध्ये एक द्रावण असतं. त्या द्रावणातून लिथियमचे आयन इकडून तिकडे जातात, तेव्हा बाहेर वीज मिळते. थंडीत हे द्रावण दाटतं, आयनांची चाल मंदावते, सेलचा अंतर्गत रोध वाढतो. थिजलेल्या तुपात चमचा फिरवून बघा, साधारण तसं. सेलमध्ये ऊर्जा असते, पण तुम्ही जितक्या वेगाने मागता तितक्या वेगाने ती देता येत नाही. कॅमेऱ्याने एकदम जास्त करंट मागितला की व्होल्टेज खाली बसतं, आणि व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतं. पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा हा नुसता अंदाज असतो, त्याला हे कळत नाही. म्हणून एक्केचाळीसवरून थेट शून्य.

उणे वीसला बहुतेक लिथियम-आयन बॅटऱ्या साधारण निम्मंच काम देतात. ॲपल स्वतः सांगतं की आयफोन शून्य ते ३५ अंशांच्या हवेत वापरावा. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत शून्य ते ४० लिहिलेलं असतं. म्हणजे किब्बरच्या सकाळी तुम्ही कंपनीने आखलेल्या रेषेच्या बऱ्याच बाहेर असता.

यातली चांगली बाजू अशी की थंडीत नुसती वापरल्याने बॅटरी सहसा कायमची बिघडत नाही. ऊब मिळाली की परत येते. कायमचं नुकसान होतं ते गारठलेली बॅटरी चार्ज केल्याने. त्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण नवशिके नेमकी तीच चूक करतात.

घरून निघण्याआधी

नेहमी लागतात त्याच्या दुप्पट बॅटऱ्या घ्या. पुण्यात दिवसाला दोन लागत असतील तर तिथे चार. जुनी, फुगलेली, ‘चालतेय अजून’ म्हणून ठेवलेली बॅटरी घरीच ठेवा. वयस्कर बॅटरीचा रोध मुळातच वाढलेला असतो आणि थंडीत सगळ्यात आधी तीच बसते. सगळ्यांवर चिकटपट्टी लावून १, २, ३ असे आकडे टाका. सोप्पं वाटतं, पण जाड हातमोज्यांनी काळ्या रंगाच्या चार सारख्या बॅटऱ्या हाताळताना कुठली गारठलेली आणि कुठली ऊब घेऊन आलेली, हे दुसऱ्या दिवशीच विसरायला होतं.

हेडटॉर्च शक्यतो सुट्या पेन्सिल सेलवर चालणारी घ्या. साधे अल्कलाइन सेल शून्याखाली फार लवकर मान टाकतात, कारण त्यांच्या आतलं द्रावण पाण्यात केलेलं असतं. त्याऐवजी लिथियमचे एकदाच वापरायचे एए सेल मिळतात. ते महाग आहेत, पण उणे ४० पर्यंत काम करतात आणि वजनाला अल्कलाइनपेक्षा हलके असतात. फक्त टॉर्चच्या माहितीपत्रकात लिथियम सेल चालतात का ते आधी पाहा. नवा लिथियम सेल सुरुवातीला १.५ पेक्षा थोडं जास्त व्होल्टेज देतो आणि काही टॉर्चना ते सोसत नाही. हे सेल चार्ज करायचे नसतात, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते. एकाने केले होते.

केबल सिलिकॉनच्या वेष्टनाच्या घ्या. साधी प्लास्टिकची केबल उणे पंधराला काठीसारखी ताठ होते आणि वाकवली की सांध्याजवळ तडकते.

विमानाने चंदीगड, दिल्ली किंवा लेहला जाणार असाल तर सगळ्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँका केबिनच्या बॅगेत. चेक-इनच्या सामानात टाकायला परवानगी नाही. १०० वॉट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० साठी विमान कंपनीला विचारावं लागतं. हिशेब सोपा आहे: २०,००० एमएएचची पॉवर बँक गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॉट-तास. पॉवर बँकेवर हा आकडा छापलेला असावा, पुसट झाला असेल तर सुरक्षा तपासणीत वाद होतो. बॅटऱ्यांच्या टोकांवर प्लास्टिकची टोपी किंवा चिकटपट्टी लावा. नाणी आणि किल्ल्यांबरोबर उघडी बॅटरी खिशात ठेवली तर शॉर्ट होऊन खिशातच पेटू शकते. थंडीत खिशात बॅटऱ्या ठेवायच्याच असल्याने ही सवय आत्तापासून लावा.

आणि शिंप्याकडे जा. खरंच. याचं कारण पुढच्या पायरीत.

खिशांची मांडणी

या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल अशी ही गोष्ट आहे. डोंगरावर दिवसभर न विझणारी एकच शेगडी तुमच्याजवळ असते, ती म्हणजे तुमचं अंग. बॅटऱ्या तिच्याजवळ राहिल्या पाहिजेत.

नवखा माणूस बॅटऱ्या कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवतो, कारण बॅगेला फोमचं अस्तर असतं. पण फोम ऊब तयार करत नाही, असलेली ऊब जायला उशीर लावतो. स्वेटर खुर्चीला घातला तर खुर्ची गरम होत नाही. बॅगेतली बॅटरी दोन तासांनी हवेइतकीच गार झालेली असते. पातळ मोजा, निओप्रीनचं पाकीट, बबलरॅप, सगळ्यांची गोष्ट तीच. आत उबेचा स्रोत नसेल तर ती फक्त वेळकाढू साधनं.

जाकिटाचा बाहेरचा खिसाही कामाचा नाही. तिथे बाहेरून थंडी आणि मध्ये तुमचाच पिसांचा थर. ज्या थराने तुमची ऊब आत ठेवायची, तो बॅटरीला बाहेर ठेवतो. बॅटरी हवी थर्मलच्या (अंगालगतच्या उबदार कपड्याच्या) वर आणि फ्लीसच्या (त्यावरच्या मऊ, लोकरीसारख्या थराच्या) आत, छातीच्या किंवा पोटाच्या वरच्या भागावर. पुरुषांच्या फ्लीसला आतून एखादा खिसा असतो तरी. बायकांच्या कपड्यांना खिसा द्यायचा म्हणजे जणू शिवणाऱ्याच्या घरातून कापड जातं. मी आमच्या पेठेतल्या शिंप्याकडून दोन थर्मलना छातीखाली दोन-दोन चपटे खिसे आणि वर बटणाची पट्टी लावून घेतली. त्याने ‘ताई, हे आतून कशाला?’ विचारलं. मी बॅटऱ्या म्हटल्यावर त्याने पुढे काही विचारलं नाही. हे काम कुठल्याही महागड्या पाउचपेक्षा उपयोगी पडलं.

खिशांचा क्रम असा ठेवा: डाव्या आतल्या खिशात भरलेल्या, ऊबदार बॅटऱ्या. उजव्या आतल्या खिशात कॅमेऱ्यातून काढलेल्या, गारठलेल्या. कॅमेऱ्यात एकावेळी एकच. गारठलेली बॅटरी आत येऊन अर्ध्या तासात पुन्हा कामाला तयार होते, आणि असं फिरवत राहिलं की चार बॅटऱ्यांवर पूर्ण दिवस निघतो. घाम येईल इतकं चढायचं असेल तर बॅटऱ्या आधी झिप पिशवीत घाला. ओली बॅटरी कॅमेऱ्यात घालायची नसते.

कॅमेरा मात्र थंडच राहू दे

हे ऐकून पहिल्यांदा सगळे चमकतात. बॅटरी गरम ठेवायची तर कॅमेराही जाकिटात का नको? कारण ऊबदार कॅमेरा बाहेर काढला की त्यावर पडलेला हिमकण वितळतो, पाणी फटीत शिरतं आणि दोन मिनिटांत तिथेच गोठतं. लेन्सची कडी फिरेनाशी होते. शिवाय दर वेळी आत-बाहेर करताना अंगाच्या वाफेने लेन्स धुरकटते. कॅमेऱ्याच्या धातूला आणि काचेला थंडीशी फारसं वैर नाही. वैर आहे ते बॅटरीला. सकाळी कॅमेरा बाहेरच्या, न तापवलेल्या ओवरीत ठेवलेला असावा आणि बॅटरी तुमच्या अंगावरून त्यात जावी. रेकॉर्डर आणि वॉकी-टॉकीलाही हेच लागू.

कॅमेरा बर्फावर, खडकावर टेकवू नका. दगड हवेपेक्षा कितीतरी वेगाने ऊब शोषतो. खाली सॅक किंवा बसायची फोमची चटई घाला. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा. वाऱ्यामुळे बॅटरी हवेपेक्षा जास्त थंड होत नाही, तो ‘विंडचिल’चा आकडा आपल्या कातडीसाठी असतो, पण हवेइतकी थंड ती वाऱ्यात फार लवकर होते. रात्री ताऱ्यांचे फोटो काढणाऱ्यांची गोष्ट याहून निराळी. लडाखमधल्या हानलेसारख्या ठिकाणी निरभ्र रात्री लेन्सची काच आपली ऊब थेट आकाशाकडे फेकते आणि सभोवतालच्या हवेपेक्षाही गार होते, म्हणून तिच्यावर हिम साचतं. त्यांनी लेन्सभोवती गुंडाळायची, यूएसबीवर चालणारी तापपट्टी घ्यावी आणि तिला वीज देणारी पॉवर बँक जाकिटाच्या आत.

यावरून एक युक्ती. बहुतेक कॅमेऱ्यांसाठी ‘डमी बॅटरी’ मिळते: बॅटरीच्या आकाराचा पोकळ ठोकळा, त्याला वायर. ठोकळा कॅमेऱ्यात, वायरचं दुसरं टोक तुमच्या फ्लीसच्या आतल्या पॉवर बँकेला. कॅमेरा उणे वीसमध्ये, वीज अधिक तिसातली. तासन्‌तास एका जागी ट्रायपॉडजवळ बसायचं असेल तर याहून चांगलं काही नाही. तोटा एवढाच की कॅमेऱ्याला बांधलेल्या शेळीसारखी अवस्था होते; एकदम उठून पळायचं झालं की वायर आठवते. आमच्यातल्या एकाने ट्रायपॉडसकट आडवा होऊन ती शिकवणी घेतली. तुमच्या मॉडेलचा व्होल्टेज आकडा जुळतो का, हे घरीच तासभर चालवून पाहा.

काम नसताना कॅमेरा बंद करा, पण मिनिटा-मिनिटाला चालू-बंद करू नका. सुरू होताना यंत्र एकदम जास्त करंट मागतं आणि गारठलेली बॅटरी नेमकी तिथेच गडगडते. मागच्या पडद्याऐवजी व्ह्यूफाइंडर वापरा किंवा पडद्याचा उजेड कमी करा. ‘जरा बघू काय आलंय’ म्हणून दर दहा मिनिटांनी चित्रीकरण परत पाहणं तर रात्रीसाठीच ठेवावं.

ड्रोनवाल्यांसाठी दोनच वाक्यं: डीजेआयच्या बहुतेक साध्या ड्रोनची मर्यादा उणे १० आहे, आणि उड्डाणाआधी बॅटरी अंगाच्या उबेवर आणून मग मिनिटभर जमिनीलगत तरंगत ठेवून तापू द्यावी, कारण हवेत व्होल्टेज बसलं तर कॅमेऱ्यासारखं नुसतं बंद पडून भागत नाही. सीमेजवळच्या भागात परवानगीशिवाय ते पेटीतून काढूच नका.

हातऊब, बाटली वगैरे

अंगाच्या उबेला जोड म्हणून हातमोज्यांत ठेवायची ती ‘वॉर्मर’ची पाकिटं मिळतात. त्यांत लोखंडाची पूड, मीठ, कोळशाची भुकटी आणि थोडं पाणी असतं. हवा लागली की लोखंड गंजतं आणि गंजताना ऊब देतं. म्हणजे त्याला हवा लागते! बॅटरीबरोबर ते घट्ट झिप पिशवीत बंद केलं की विझतं, आणि माणूस दुकानदाराला शिव्या देतो. ४,२०० मीटरवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या साधारण ६० टक्के, म्हणजे प्राणवायूही तितकाच. त्यामुळे ही पाकिटं तिथे पुण्यातल्या चाचणीपेक्षा मंद चालतात. वापरायच्या वीस मिनिटं आधी फोडून हलवून ठेवा. दुसरीकडे, सपाटीवर आणि बंद खिशात ती पन्नास अंशांच्या वरही जातात, म्हणून बॅटरीला थेट चिकटवू नका. मध्ये लोकरीचा मोजा असू दे. मी ती बॅटरीपेक्षा बोटांसाठीच जास्त वापरते. बोटं वाकेनाशी झाली तर ऊबदार बॅटरी घालणार कोण?

गरम पाण्याची बाटली जुनी आणि भरवशाची. त्या उंचीवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, तरी मोज्यात गुंडाळलेली बाटली सॅकच्या मधोमध ठेवली आणि भोवती पॉवर बँक, रेकॉर्डर रचला तर सकाळचे तीन-चार तास निघतात. झाकण दोनदा तपासा.

मोबाईल

मोबाईलची बॅटरी काढून खिशात ठेवता येत नाही, म्हणून इथे आख्खं यंत्रच अंगाजवळ. स्पितीच्या दऱ्यांत रेंज कधी असते कधी नसते, आणि रेंज शोधत बसलेला फोन थंडीपेक्षा लवकर बॅटरी खातो. गावाबाहेर पडलात की विमान मोडवर टाका. नकाशा आधीच उतरवून घेतला असेल तर जीपीएस तरीही चालतं. फोटो काढायला फोन बाहेर काढला की अर्ध्या मिनिटात परत आत. व्हिडिओ आणि फ्लॅश एकत्र तर नकोच. स्पर्शाला दाद देणारे हातमोजे दुकानात छान चालतात, तिथे मी अजून नाकाच्या शेंड्याने फोन उचलते.

एक फोन बंद करून, पूर्ण भरून, आतल्या खिशात ठेवा. तो संकटासाठी. गाडी अडकली, कुणी पडलं, श्वास लागायला लागला, तर तेव्हा एक टक्का असलेला फोन नको.

बंद पडलाच तर

घाबरू नका आणि पुन्हापुन्हा बटण दाबू नका. बॅटरी काढा (फोन असेल तर फोनच), काखेत किंवा पोटाशी धरा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, चहा प्या, मग सुरू करा. दहापैकी आठ वेळा यंत्र जिवंत होतं. तळहातांत चोळणं, तोंडाने वाफ देणं नको. वाफेतलं पाणी टोकांवर गोठतं. गाडीच्या हीटरच्या तोंडाशी, लायटरच्या ज्योतीजवळ, तंदूरच्या पत्र्यावर बॅटरी ठेवणं तर अजिबात नको. साठ अंशांच्या वर लिथियम सेलचं काय होतं ते पाहण्याची ही जागा नव्हे.

स्थानिक ड्रायव्हर सकाळी इंजिनाखाली विस्तव धरताना दिसतील. ते पाहून आपल्यालाही धीर येतो. पण त्यांचं दुखणं वेगळं असतं: साध्या डिझेलमधलं मेण कडाक्याच्या थंडीत गोठतं आणि तेलही दाटतं. त्यासाठी तर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल लडाखसाठी आणलं. त्यांची ती कसरत गाडीपुरतीच राहू द्या.

संध्याकाळी आत येताना

तंदूरच्या खोलीत दहा माणसं, उकळता चहा, वाफाळता थुक्पा (शेवयांचं सूप). त्या दमट ऊबेत उणे पंधराचा कॅमेरा नेला की फ्रिजमधल्या बाटलीसारखं पाणी त्याच्यावर उभं राहतं, आणि ते फक्त बाहेरून नाही, आतल्या काचांवर आणि सर्किटवरही. म्हणून दाराबाहेर उभं राहूनच तीन कामं करा. आधी मेमरी कार्ड काढा. मग बॅटरी काढून आतल्या खिशात टाका. मग कॅमेरा मोठ्या झिप पिशवीत घालून, हवा दाबून काढून, बंद करा आणि मगच आत या. पाणी पिशवीच्या बाहेरून साचेल. दोन तास पिशवी उघडायची नाही. कार्ड आधीच काढलेलं असल्याने तोवर लॅपटॉपवर दिवसभराचं काम उतरवता येतं. हे न पाळता उतावळेपणाने पिशवी उघडणारे मी बरेच पाहिले आहेत, त्यांत पहिल्या वर्षीची मीही.

चार्जिंग: इथे घाई केलीत तर बॅटरी गेली

गारठलेल्या, म्हणजे शून्याखाली असलेल्या लिथियम-आयन बॅटरीला चार्जर लावला की आयन ग्रॅफाइटच्या आत शिरू शकत नाहीत आणि त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या लिथियमचा मुलामा चढतो. तो पूर्ण उलटत नाही. क्षमता कायमची कमी होते, आणि मुलाम्याचे सुईसारखे कोंब वाढले तर सेलच्या आतच शॉर्ट होऊ शकतो. चांगले फोन आणि चार्जर थंडी ओळखून चार्जिंग थांबवतात. स्वस्त पॉवर बँक आणि नावाशिवायचे चार्जर थांबवतीलच असं नाही. सेल बनवणाऱ्यांच्या तक्त्यात बहुतेक वेळा दोन वेगळे आकडे असतात: वापरायला उणे २० चालेल, पण चार्ज करायला शून्य ते ४५. दोन्हींमधला हा फरक लक्षात असू द्या.

थर्मामीटर नसतो, म्हणून माझी परीक्षा गालाची. बॅटरी गालाला लावायची. गार लागली तर अजून थांबायचं. बाहेरून आणलेल्या पॉवर बँकेला आतून उबायला तासाहून जास्त लागतो, बाहेरचं प्लास्टिक लवकर कोमट होतं म्हणून फसू नका.

नवख्यांना न सुचणारी दुसरी गोष्ट अशी की तंदूर फक्त बैठकीच्या खोलीत असतो आणि रात्री तो विझतो. झोपायच्या खोलीत पहाटे पाण्याची बाटली गोठलेली सापडते. तिथे उशाशी रात्रभर चार्जिंगला लावणं म्हणजे पहाटे तीनला शून्याखाली चार्ज करणं. शिवाय हिवाळ्यात वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही. संध्याकाळी सहा ते दहा, तंदूरच्या खोलीत, पण तंदूरपासून दोन हात लांब, हीच चार्जिंगची वेळ. प्लग एक आणि पाहुणे आठ असतात. स्वतःचा एक्स्टेन्शन बोर्ड नेलात तर घरमालकीण आणि सहप्रवासी दोघंही दुवा देतील. सगळ्यात आधी कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, मग संकटाचा फोन, शेवटी पॉवर बँक.

दिवसा सौर पॅनेल वापरणार असाल तर पॅनेलला थंडी आवडते, ते उलट जास्त वीज देतं. फक्त त्याला जोडलेली पॉवर बँक बर्फावर नको. काळ्या कापडी पिशवीत, उन्हात, आधी गालाची परीक्षा घेऊन.

ई-सिगरेटबद्दल, विचारतात म्हणून

परदेशातून येणारे एखाद-दोन जण दरवर्षी विचारतात, की वेप पेन थंडीत ओढलं जात नाही, काय करू? पहिलं उत्तर असं की भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक सगळ्यावर बंदी आहे, त्यामुळे सामानात आणूच नका. कॅनडात किंवा नॉर्वेत उघड्यावर काम करणाऱ्या आपल्या मंडळींसाठी उत्तर वरच्या सगळ्याहून वेगळं नाही: त्यातही लिथियम सेलच असतो, म्हणून आतला खिसा, गारठलेलं असताना चार्जिंग नाही, सुटा सेल असेल तर प्लास्टिकच्या डबीत. शिवाय त्यातल्या द्रवातलं ग्लिसरीन थंडीत मधासारखं दाटतं आणि वातीपर्यंत पोचत नाही, कोरडी वात जळते. मुठीत पाच मिनिटं धरून मग वापरा, आणि खिशात उभं ठेवा, आडवं ठेवलं की ऊब मिळाल्यावर गळतं. अजिबात ओढू नये हे माझं मत, विचारलं नाहीत तरी.

रात्र

झोपायच्या पिशवीत तुमच्याबरोबर कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, दोन्ही फोन, पॉवर बँक, हेडटॉर्च, आणि मोज्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली. सगळं एका सुती पिशवीत घालून पोटाशी. पायाशी ठेवलं तर पाय हलवताना निसटतं आणि पहाटे अंधारात टॉर्च शोधायला टॉर्च लागते. पिशवीच्या आत चार्जिंग नाही, केबल नाही. झोपेत दाबलेला, पांघरुणात कोंडलेला चार्जिंगवरचा सेल जितका तापायला नको तितका तापू शकतो. फुगलेली किंवा आपटलेली बॅटरी असेल तर तीही आत घेऊ नका.

सकाळी उठल्यावर बॅटऱ्या पिशवीतून थेट थर्मलच्या खिशात गेल्या पाहिजेत, मध्ये पलंगाच्या कठड्यावर ‘एक मिनिट’ ठेवायच्या नाहीत. ते एक मिनिट तोंड धुऊन येईपर्यंत अर्ध्या तासाचं होतं, कारण तोंड धुवायचं पाणी आधी वितळवावं लागतं.